गळती

भांडुपच्या टेकडीखाली, आमच्या चाळीमागच्या चेंबरमध्ये
बारा इंची लाइनीचा व्हॉल्व्ह गळतोय
दिवाळीपासून.
मला माहीत आहे. अजून कोणाला सांगितलेलं नाही.

एकतीस वर्षं मी पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला होतो.
रस्त्यातलं झाकण उघडायचं, लांब चावी खाली सोडायची,
अंगाचा भार देऊन फिरवायची;
एका गल्लीचं पाणी बंद, दुसरीचं चालू.
झोपेतसुद्धा कान जमिनीला.
थेंब वाया गेला की पोटात कालवायचं.
घरी मोरीतला नळ टपटपला तरी उठायचो,
इंदुमती म्हणायची, झोपा हो,
खातं काही तुमच्या बापाचं नाही.

आता सकाळी सातला सप्लाय येतो
आणि सव्वासातला चेंबरशेजारच्या खड्ड्यात
चार बोटं पाणी साचतं.
मी कानटोपी घालून मागच्या पायरीवर बसतो, चहा घेऊन.
सतरा अंश. मुंबईला एवढंही पुरतं
कपाटातले स्वेटर बाहेर यायला.

आधी बुलबुल. जोडीनं.
एक पाण्यात, एक तारेवर पहाऱ्याला.
डुबकी, फडफड, पळ. पुन्हा डुबकी.
गिझर बंद पडल्यावर मी करतो तशी आंघोळ:
देवाचं नाव आणि दोन तांबे.

साळुंक्या म्हणजे लग्नघर.
सहा-सात जणी एकदम उतरतात, भांडतात,
एकमेकींच्या अंगावर उडवतात
आणि जाताना मागे गढूळ चिखल तेवढा ठेवतात.

शिंजीर खाली येतच नाही.
फवाऱ्यानं कर्दळीचं एक पान भिजतं,
त्या पानावर तो लोळतो, पोट घासतो, घसरतो, पुन्हा चढतो.
चमचाभर पाण्यात अख्खा न्हाऊन निघतो.
मी आयुष्यभर पाणी लाखो लिटरांत मोजलं.

आणि परीट.
थंडीपुरता येतो, कुठून तरी उत्तरेकडून,
करडा-पांढरा, शेपूट सतत खालीवर,
जणू दगडावर धुणं आपटतोय.
नावाचा परीट, धुतो मात्र स्वतःपुरतं.
पाण्यात छाती बुडवतो, पंख अर्धे उघडतो,
मग कोवळ्या उन्हात उभा राहून एकेक पीस चोचीतून काढतो
इतक्या सावकाश, की माझा चहा गार.

एवढ्या थंडीत कशाला, असं मी फिलोमिनाबाईंना विचारलं.
शाळेत विज्ञान शिकवायच्या. म्हणाल्या,
मळलेलं पीस ऊब धरत नाही.

मी त्यावर बरेच दिवस विचार केला.
इंदुमतीच्या शेवटच्या डिसेंबरात
मी तिला ओल्या फडक्यानं पुसायचो.
ती म्हणायची, एकदा डोक्यावरून पाणी घाला ना.
डॉक्टर नको म्हणाले होते.
मी नाही घातलं.

परवा प्रशील आला, माझ्या जागी लागलेला पोरगा.
काका, तुम्ही इथं राहता आणि कळवलं नाही?
मी म्हटलं, कान गेले रे आता.
त्यानं जुनं पॅकिंग काढलं, नवं भरलं, नट आवळले,
हात फिरवून कोरडं असल्याची खात्री केली.
काम चोख. मीच शिकवलंय.

तिची पितळी परात मी पायरीवर मांडली,
तळाला एक वीट, पाणी दोन बोटं.
पहिल्या दिवशी कावळ्यानं त्यात पाव भिजवला.
दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव.

आज परीट आला.
काठावर बसला. शेपूट खालीवर, खालीवर.
एकदा परातीकडे बघितलं,
एकदा कोरड्या खड्ड्याकडे.
कप ओठापर्यंत नेण्याची
माझी हिंमत होईना.