तिसरा घाणा

दुकान वाढवलं की मोठा काटा शेठच्या कपाटात जातो,
छोटा माझ्या खिशातून घरी येतो.
दिवसभर त्यानं मोरण्या मोजल्या, फुल्या मोजल्या.
आता मी त्याच्यावर स्टीलची वाटी ठेवतो,
शून्य करतो,
आणि तेल ओततो.

तिळाचं बावीस ग्रॅम, धरणगावच्या लाकडी घाण्याचं.
एरंडेल आठ.
जास्त झालं तर गालाला डास चिकटतात,
हे पहिल्या घाण्यात कळलं.
पुदिन्याच्या अर्काचे थेंब तीनच,
हे दुसऱ्यात,
त्या रात्री मी नळाखाली तोंड धरून बसलो होतो
आणि अमळनेरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं,
नशीब, तो दिवस पाण्याचा होता.
रोझमेरीचे सहा. कुरियरचं खोकं एवढं मोठं,
आत बाटली अंगठ्याएवढी.
व्हिटॅमिनच्या दोन गोळ्या टाचणीनं टोचून पिळायच्या.

सुपडूभाऊ वस्तरा पुसत म्हणाला होता,
नांग्या पडल्यात रे तुझ्या गालावर.
कपाशीत नांग्या भरता येतात,
सरकी टोचली की झालं.
खुर्चीतले बाकीचे हसले.
मीही हसलो, आरशात दिसत होतो म्हणून.

शेजारच्या पाटावर तपन बसतो, मेदिनीपूरचा.
सकाळी तासून येतो,
चार वाजता त्याच्या जबड्यावर कानस उगवलेली असते.
खाजवतो आणि वैतागतो.
मी खाली मान घालून डाग देत राहतो.

चोपड्याच्या पाहुण्यांनी चहा घेता घेता विचारलं,
धाकटा आहे का हा? मोठा कुठंय?
मोठा मीच.
सत्तावीस पूर्ण.

कुणी म्हणालं कांदा घास, कुणी म्हणालं गुंज उगाळ.
गुंज!
आमच्या आजोबांच्या डबीत तांबड्या गुंजा असायच्या,
सोनं त्यांनी तोलायचं.
त्यांनी बजावलेलं, वजनाला गुंज, तोंडाला नाही,
विष आहे ते.
म्हणून कृतीत गुंज नाही,
तिच्या जागी खिशातला काटा.

खोकल्याच्या औषधाची तपकिरी बाटली उकळून वाळवली,
चिठ्ठी लावली: घाणा तीन, तारीख, वजन.
आधी कोपराच्या आत एक थेंब, एक रात्र वाट.
मग गालावर, बोटानं गोल गोल,
दोन मिनिटं मोबाइलात लावून.
अकरा आठवडे झाले.
डावीकडे सात केस आलेत,
आधी पाच होते की सहा,
याची नोंद ठेवायला हवी होती.

बाटली मात्र हिशेबापेक्षा लवकर उतरत होती.
आणि माझा बारीक चिमटा,
खडे बसवायचा,
रोज जागेवरून हललेला.

काल लाइट गेली, मी उठलो,
तर मोबाइलच्या उजेडात आई,
न्हाणीघरातल्या आरशासमोर,
हनुवटी वर, हातात माझा चिमटा.
दचकली.
मग म्हणाली, तुनं तेल चांगलं शे,
मनी टाच भरी उनी.
मी चिमट्याकडे बघत होतो.
तिनं पदर हनुवटीवर ओढला,
थोड्या वेळानं सोडला.
माले आते दिखत नही,
तू काढी देशी का?

तिला पाटावर बसवलं.
मोबाइल तिच्याच हातात दिला, नीट धर म्हटलं.
डोळ्यावर भिंग चढवलं, दुकानातलं.
तीन केस होते, जाड, काळेभोर, मुळापासून घट्ट.
अशा मुळासाठी मी काय काय मिसळलं होतं.
एकेक काढताना ती डोळे मिटायची,
आणि विचारायची, दुखस नही ना तुले?
दुखणार तिला होतं.

लाइट आली तेव्हा ती झोपली होती.
काटा चालूच राहिला होता.
मी एक केस त्याच्यावर ठेवला.
काट्यानं शून्य दाखवलं.
तिन्ही ठेवले, आकडा हलला वाटलं,
पंख्याचा वारा असेल.
पंखा बंद केला
आणि पुन्हा बघत बसलो.