राखाडी पुठ्ठा

परळच्या इस्पितळात, त्वचाविभागाच्या मागच्या खोलीत
खिडकीबाहेर रंगकामाची परांची, तिच्यावर निळी ताडपत्री.
अकरानंतर आत येतो तो उजेड तिच्यातून गाळलेला.

हेमांगी वैती, वय छत्तीस, राहणार ट्रॉम्बे.
डाव्या मनगटावर कोड.
हाताशेजारी मी राखाडी पुठ्ठा ठेवला
तर म्हणाली, हा कशाला? माझ्याशी जुळवताय?
म्हटलं, नाही हो. हा साक्षीदार.

कच्ची फाइल उघडली की आधी फोटो नसतोच.
काळपट हिरवं दळण असतं.
प्रत्येक कणाला एकच रंग कळतो,
कुणाला तांबडा, कुणाला निळा, हिरवा ओळखणारे दुप्पट.
उरलेले दोन रंग तो शेजाऱ्यांना विचारतो.
म्हणजे या हाताचा दोन तृतीयांश भाग
मी ऐकीव माहितीवर उभा करतो.
हे डॉक्टर गद्र्यांना अजून सांगितलेलं नाही.

झाकण लावून टिपलं तरी सेन्सर गप्प बसत नाही,
मिट्ट काळोखातही पाचशे बारा म्हणतो.
ते पाचशे बारा आधी वजा.
मग पुठ्ठ्यावर टिचकी: हा करडा, याच्यात निळं काही नाही,
ताडपत्रीचं ताडपत्रीला परत.

हेमांगी मागून बघत होती.
"कळलं," म्हणाली. "बाजारात लाल छत्री लावतात ना,
शिळा बांगडापण लाजल्यासारखा दिसतो.
मी घेताना उन्हात नेते, कल्ला उघडते."
चार वर्षं मी हेच शिकाऊ पोरांना
आकडे मांडून सांगतोय.

अजून अंधारच होता.
सेन्सरचा हिशेब सरळ, दुप्पट उजेड, दुप्पट आकडा.
डोळा असा मोजत नाही, तो सावलीत जास्त रेंगाळतो.
म्हणून वक्ररेषा ओढली
आणि हात वर आला:
बर्फाने चिरलेली बोटं,
नखात अडकलेलं एक खवलं,
कोड, आणि कोडाच्या आत, कडेला
मोहरीएवढे तीन तपकिरी ठिपके.

रंग परत येतोय, की शेवटचा उरलाय?
जुना फोटो हवा.

तिने पिशवीतून काढला. लग्नातला, चेंबूरच्या स्टुडिओतला.
चेहरा, गळा, दोन्ही हात
एकाच गोरेपणाने सारवलेले.
मनगट होतं. त्यावर काही नव्हतं,
किंवा सगळ्या अंगावर तेच होतं.
"सासूबाई म्हणाल्या होत्या, उजळ करा.
शंभर रुपये जास्त घेतले मेल्याने."

मी तो फाइलला जोडला.
शेरा: तुलनेस अयोग्य.

पुढच्या महिन्यात या, म्हटलं.
हीच खुर्ची, हीच खिडकी, हाच पुठ्ठा.
ती दारापर्यंत गेली, वळली.
"आणि तो मळला तर?"

पुठ्ठा खिडकीशी नेऊन पाहिला.
कोपऱ्यावर अंगठ्याचा डाग होता.
माझ्याच.