आठवडा तेविसावा

आधी हात. मग डोळे.
गेज सगळ्यात शेवटी, गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.
तळवा टायरवर आडवा फिरवायचा:
आत येताना गुळगुळीत, बाहेर जाताना करवत
लागली, की समजायचं चाक सरळ चाललेलं नाही,
माणूस भले कितीही सरळ असो.

मधोमध झिजलं तर हवा जास्त,
दोन्ही कडांना झिजलं तर कमी.
आणि एकाच कडेला झिजलं असेल तर
टेचिमान ते किंटाम्पो सगळा रस्ता
गाडीनं एका खांद्यावर वाहिलाय.
मी बोलत नाही. नुसतं बोट ठेवते.
ड्रायव्हर वरमतात.

अग्येमान वरमत नाही.
त्याची ट्रोट्रो सहालाच दारात,
टपावर यामचे कंद, आत अकरा माणसं,
मागच्या काचेवर रंगवलंय: देवाला घाई नसते.
अग्येमानला असते.
कुमासीहून चार टायर आणलेत त्यानं,
परदेशात वापरलेले, म्हणे जवळजवळ नवे,
काळे कुळकुळीत,
लग्नाला निघालेल्या बुटांसारखे.

ओल्या फडक्यानं मी एकाची कड पुसली.
पॉलिश फडक्यावर आलं.
खाली भेगा, म्हाताऱ्या कोपरावर असतात तशा.
सगळी सोंगं आणता येतात, वयाचं नाही.

क्वाबेना, वाच.

पोरगं उकिडवं बसलं, अंगठ्यानं लाल धूळ सारली.
लंबगोलात चार आकडे: दोन, तीन, शून्य, नऊ.
"तेविसावा आठवडा. साल दोन हजार नऊ."

"अगं पण नक्षी बघ की, बोट बुडतंय!"
बुडेल. गोदामात पडून नक्षी झिजत नाही,
रबर मरतं.
"मागच्या जोडीला तरी चढव."
का, मागे बसणाऱ्यांना आया नसतात?

आतल्या अकरांपैकी कोणीतरी हसलं.
अग्येमान खाली उतरला, थुंकला, घासाघीस केली.
शेवटी माझ्याकडचे दोन घेतले, तीन वर्षांचे,
अर्धे पैसे रोख, अर्धे याम उतरल्यावर.
त्यानं आणलेल्यांतले दोन बरे निघाले.

मग जॅक, नट, पहार,
कडेला साबणाचं पाणी, रिमवर बसताना
तो ठप्प आवाज, जो मला अजून आवडतो.
मशीनवर चाक फिरलं. पस्तीस ग्रॅम, आतून.
क्वाबेनानं शिशाचा तुकडा ठोकला.
पुन्हा फिरवलं. पाच. पुन्हा.
शून्य आलं की तो दात दाखवतो,
जणू शून्य त्यालाच कोणी दिलंय.

दुपारी, नाकारलेल्या टायरवर बसून
भात खाताना म्हणाला,
"मॅडम, टायरला वार नसतो?"
आठवडा असतो. वार नसतो.
"मला वार आहे. आठवडा नाही."

वार त्याच्या नावातच आहे. मंगळवारचा.
तेवढं आईनं दिलं.
बाकी आजीला विचारलं तर म्हणते,
पूल गेला त्या साली, की त्याच्या पुढच्या.
मेकॅनिक संघाच्या कार्डावर मी एक जानेवारी लिहिली होती.
ज्याला नाही त्याला सगळे तीच लिहितात,
निम्मं मॅगझिन एकाच दिवशी जन्मलंय.

संध्याकाळी तो टायर अर्धा पुरला रस्त्याच्या कडेला,
पाटीऐवजी. पांढरा रंग लावायचा होता.
क्वाबेनानं चार आकड्यांभोवतीची जागा
कोरी सोडली, आणि खाली खडूनं लिहिलं:
मंगळवार.

मी काही बोलले नाही.
आत जाऊन फोनमध्ये ते साल उघडलं,
आठवडे बोटानं मोजत गेले.
तेविसाव्यातला मंगळवार: दोन जून.
सोळा. उंचीला शोभतं. मिशीलाही.

ज्या हातानं सकाळी
अग्येमानचं खोटं वय पुसलं
त्याच हातानं कार्ड काढलं, एक जानेवारी खोडली.
खोटंच आहे.
पण याला निदान कोणीतरी हातानं तपासलंय.