भिंतीत गहू

छत्तीस वर्षं मी मातीला नंबर दिले.
काचेच्या नळीत पाणी घालून हलवायची,
दुसऱ्या दिवशी पट्टीनं मोजायची:
वाळू किती, गाळ किती, चिकण किती.
हाताला कधी लागली नाही ती.
साबण होता, टेबलाशेजारीच.

आता सिमरोलच्या अलीकडे, खंडवा रोड सोडून
कच्च्या वाटेनं आत,
पदर खोचून गुडघाभर गाऱ्यात उभी आहे
आणि गेंदाबाई म्हणते, नाचो.

तिनं माती आधी चाखली होती.
चिमूटभर जिभेवर, डोळे मिटून,
आमटीचं मीठ बघावं तशी.
थुंकली. म्हणाली, "काली हे. भूकी हे.
पाणी पीवेगी तो फूलेगी, धूप खावेगी तो फाटेगी."
प्रयोगशाळेत आम्ही याचीच तीन पानं लिहायचो
आणि खाली सही.

मग टेकाडावरून पिवळी आणली, दोन ट्रॉल्या.
एक घमेलं काळी, तीन पिवळी, शेण, विझवलेला चुना,
आणि कुंवरजी पटेलांच्या खळ्यावरचा गव्हाचा भुसा.
बारा बाय पंधरा. एक खिडकी.
दार भंगारवाल्याकडचं, त्यावर अजून कुणाचं तरी
निळ्या रंगात: सौ. इंदुमती गोरक्षकर, शिवणवर्ग.
पुसलं नाही. येणाऱ्यानं हवं तर ब्लाउजचं माप द्यावं.

वहिनीचा रामबागेतून फोन:
या वयात झोपडी?
म्हटलं, याच वयात परवडते.

पाचव्या थरानंतर काम थांबलं,
गेंदाबाईच्या सुनेचं बाळंतपण होतं.
नऊ दिवसांनी गेले तर
उत्तरेची भिंत हिरवी.
भुशात राहिलेले दाणे,
आडवे, उलटे, जसे दाबले गेले तसे,
बोटबोट उगवून आलेले.
मला वाटलं, चुकलं. नमुना खराब.
एक रोप ओढलं
तर मुळाला धरून भिंतीचा लाडूएवढा गोळा हातात.

"रेवा दो," गेंदाबाई म्हणाली,
नातवाच्या बारशाचं गूळखोबरं माझ्या चिखलाच्या हातावर ठेवत,
"भींत को पाणी पी रिया हे."

राहू दिला.
फेब्रुवारीत तो आपोआप पिवळा पडला, वाळला,
एक ओंबी मात्र धरली होती, खिडकीच्या कोपऱ्यात,
सात दाणे. मोजले, सवय आहे.
मग वरून लिपलं सगळं,
ती तळहाताएवढी जागा सोडून.

आता न्हाणीचं पाणी कर्दळीला जातं,
कर्दळीतून केळीला.
मांडवावर गिलकी. आई घोसाळी म्हणायची;
वेल दोन्ही नावांनी चढतो.
शहरातली कचऱ्याची गाडी गात गात इथवर येत नाही,
आली असती तरी
तिला ओलं काही मिळालं नसतं माझ्याकडून.

एप्रिलमध्ये दक्षिणेच्या भिंतीला भेग गेली.
दुपारी, एकटी होते, बारीक आवाज झाला,
पापड मोडावा तसा.
खोक्यातून पट्टी काढली. भेगेला लावली.
किती ते बघितलंच नाही.
बादलीत पिवळी भिजत घातली,
आणि भिजेपर्यंत तिथंच बसून राहिले,
पाय गार जमिनीवर,
पट्टीनं पाठ खाजवत.