पान अकरा

मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटपासून
आत तिसरं दुकान माझं.
अधिवेशनाच्या दिवसांत धंदा बरा असतो :
निवेदनं, मागण्या,
बंदोबस्तावरच्या शिपायांची आधार कार्डं.

त्या रात्री शटर अर्धं ओढलेलं.
खालून आधी चपला दिसल्या,
एकीचा अंगठा सेफ्टी पिनेवर.
मग सुकेशनी टेंभुर्णे, बी.एस्सी. दुसरं वर्ष,
मागून उईके, अजून तिघं.
"काका, सतरा पानं. चारशे संच.
पैसे अर्धे आज."

मी वाचत नसतो. वाचलं तर काम होत नाही.
पण काचेखालून हिरवा उजेड सरकताना
शब्द डोळ्यांत शिरतातच :
'सक्षम प्राधिकारी', 'पूर्वपरवानगी',
'पाच किंवा त्याहून अधिक विद्यार्थी'.
दुकानात नेमके पाच होते.
उईके चहा आणायला गेला
आणि तेवढा वेळ आम्ही कायदेशीर झालो.

पान अकरावर मशीन अडायचं.
कलम नऊ, पोटकलम तीन.
झाकण उघडा, गरम रोलरमधून
चुरगळलेला कागद ओढा,
बोटं काळी.
"मशीनले बी नाही पटून रायलं," सुकेशनी म्हणाली.

दोन वाजता एक शिपाई शटरखाली वाकला.
परभणीचा. कुठल्याशा शाळेत,
चौथी ब च्या फरशीवर झोपायची सोय.
"किती काढले?"
मी मीटरवर हात ठेवला, उगाच.
तो मीटरकडे बघतच नव्हता.
टाकलेल्या अकरांपैकी एक त्यानं उचललं,
मांडीवर सरळ केलं,
ओठ हलवत वाचलं,
घडी करून टोपीत ठेवलं.
"पोरगी बारावीला हाय माझी."
आणि गेला.

मोर्चा टेकडी रोडला अडवला.
मी दुकानातच होतो, आवाज मात्र येत होता.
घोषणा नव्हत्या.
वाचत होते.
हजारो पोरं, पाढे म्हणावेत तशी,
उद्देश, व्याख्या, कलम एक, कलम दोन.
मध्ये एकदा आवाज अर्ध्यावर आला;
मी हिशेब केला, अकरा असणार.
घाईत साठेक संचांत ते पान गेलंच नव्हतं.
टोपीतल्या घडीची आठवण झाली.
त्यानं काय केलं, मला माहीत नाही.
नंतर पाण्याचा मारा. डिसेंबरात.

पोरांना वाचायला पन्नास मिनिटं लागली.
आत सात मिनिटांत मंजूर झालं,
आवाजी मतदानानं.

गुरुवारी सुकेशनी आली, मनगटाला पट्टी.
उरलेले पैसे मोजले, नोटा अजून दमट.
"साठ संचांत पान कमी होतं," मी म्हटलं,
"साठ रुपये वापस घे."
"पैसे नोको, काका. पानं काढून द्या."
"आता कायले? झाला ना कायदा."
तिनं नुसतं मशीनकडे पाहिलं.

मी बटण दाबलं.
तापायला दोन मिनिटं घेते ती.
स्टूल पुढे केलं,
बसली नाही.