दीड सूत

इंजिन एका आईचं, गिअरबॉक्स दुसरीचा,
दोघांना एका सांगाड्यात नांदवायचं काम
उद्यमनगरात दस्तगीर शिकलगारांनी अंगावर घेतलं,
म्हणजे माझ्या अंगावर पडलं.

इंजिन चौऱ्याहत्तर सालचं, हुपरीच्या भंगारातलं,
किलोवर घेतलेलं.
कार्बोरेटरच्या तोंडात शेंगांची टरफलं निघाली,
कुणा उंदराचा पावसाळा तिथं गेलेला.
गिअरबॉक्स निपाणीहून आला, पोत्यात, एसटीच्या डिकीतून.
त्याचा गिअर उजव्या पायाला: एक वर, तीन खाली.

"असलाच पायजे," श्रीपती कुंभार म्हणाले,
आणि डावा पाय दोन्ही हातांनी उचलून
बाकड्यावर ठेवला,
दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा.

शिरोलीच्या फाउंड्रीत सव्वीस वर्षं मोल्डर.
एका रात्रपाळीला लॅडल कलंडला.
रस बुटात शिरला, एवढंच म्हणाले.
आमच्याकडं गुऱ्हाळात रस, भट्टीतही रसच,
शब्द बदलायला कुणाला सवड झाली नाही.

नव्या गाड्यांचे गिअर सगळे डावीकडं.
मागं दोन जादा चाकं लावून घ्या, असं कुणी सुचवलं,
तर ते चिडले.
"पाळणा नगं मला. गाडी पायजे."

मग मागचा ब्रेक डाव्या पायाकडून काढला,
हँडलवर नेला. एका लिव्हरला दोन केबली,
मधे तराजूच्या दांडीसारखी पट्टी,
ती तीनदा वाकली, चौथ्यांदा राहिली.
इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली प्लेट
अॅल्युमिनियमची ओतायची ठरली.
पॅटर्न मी सागवानात कोरला.
साचा मात्र श्रीपतींनीच भरला, लंगडत बसून,
वाळू मुठीत दाबायची, मोडून बघायची,
पुन्हा एक चूळभर पाणी.
ओतायची वेळ झाली तेव्हा ते नव्हते.
रस्त्यापलीकडं उभे, तंबाखू मळत,
आमच्याकडं पाठ.

प्लेट बसली. भोकं जुळली.
उस्तादांनी दोन्ही दातेरी चाकांवरून सरळ पट्टी धरली,
एक डोळा मिटला.
"दीड सूत."
दीड सूत म्हणजे जेमतेम पेन्सिलीची निम्मी जाडी.
मी म्हटलं, चालेल की.
"मान्साला चालंल. साखळी दात खाईल, पोरी. उतरव."

उतरवलं. साडेनऊ वाजलेले,
शेजारच्या लेथी झोपलेल्या,
आमच्या चकात एकटा वॉशर फिरत होता
आणि निळी कातर गुंडाळत माझ्या चपलेपाशी येत होती.

आता फक्त न्यूट्रल.
हे मला उशिरा कळलं:
थांबल्यावर टेकायला त्यांच्याकडं उजवाच पाय,
गिअर पाडायलाही तोच.
थांबायच्या आधी न्यूट्रल घावला नाही
तर माणूस गाडीसकट रस्त्यावर.
दोन दिवस नुसती ती खाच घासली, कानशीनं,
मग पॉलिश पेपरनं, मग बोटानं तपासून.

किक कोण मारणार, विचारलं.
"माझी सून मारंल. लई जोर हाय तिला."
ती आली, पदर खोचला,
डिकॉम्प्रेसर दाबून तिसऱ्या किकेला उठवलं.
शेडचे पत्रे थरथरले.
समोरचा चहावाला गाळणं हातात घेऊन बाहेर आला.

एक वर. क्लच. गेले.
कळंब्याला वळसा घालून वीस मिनिटांत येतो म्हणाले.
तासभर झाला.
मी मनात सगळे बोल्ट पुन्हा आवळले,
सूनबाई घड्याळाकडं बघायची बंद झाली.

आले ते शिरोलीकडून.
फाउंड्रीच्या गेटासमोर उभा होतो, म्हणाले,
इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमधी.
भोंगा होईपर्यंत.
आतून कोण कोण बाहेर आलं, ते सांगितलं नाही.
आम्हीही विचारलं नाही.

उस्ताद बोलत नव्हते, कान देऊन ऐकत होते.
"बंद कर," म्हणाले,
आणि खाली वाकून झाकणावर बोट ठेवलं,
"हितं अजून एक कागदाची पट्टी लागंल.
उद्या आणा. सकाळी लवकर."