रंगाच्या आधी

आचऱ्याचं उपकेंद्र, बाळंतिणींची खोली.
खाटेच्या उशाशी भिंत काळी पडलेली,
आणि मी पत्रा घेऊन सरळ भिडलो.
बावतीसमामाने मनगट धरलं.
"सुक्या घासू नको रे.
झोपलेला आसा ता. उठयलंस
तर खोलीभर होतला."

आधी पंखा बंद. बटणावर चिकटपट्टी,
कुणी सवयीने दाबू नये म्हणून.
खाट बाहेर, गादी बाहेर
(गादी परत येणार नाही, हे त्याने सिस्टरना
दारातच सांगून टाकलं),
वजनकाटा, लसींचा तक्ता, पाळणा,
ओल्या फडक्याने पुसून एकेक पडवीत.
दाराला प्लास्टिक,
कडा अशा ठासलेल्या
जसा होडीच्या सांध्यात कापूस.
तोंडाला मास्क. रबरी मोजे,
माझ्या बोटांना मोठे.

मग पंपाने भिंत भिजवली.
मोहरावर मारतो तसा फवारा नव्हे,
दहिवरासारखा, ओघळ न येता.
काळं चमकलं आणि जागच्या जागी बसलं.

आता पत्रा.
पांढऱ्याखाली गुलाबी,
गुलाबीखाली सरकारी पिवळा,
आणि मधल्या प्रत्येक थरात तेच,
दाबून ठेवलेलं.
तो गुलाबी मी ओळखला.
दोन वर्षांपूर्वीचा मार्च, बिल निघायची घाई,
एका दुपारी दोन हात.
काळ्यावरूनच ब्रश फिरवला होता.
मीच.
मामाला सांगितलं नाही.
त्याने विचारलंही नाही, फक्त बादली पुढे सरकवली.

साबणाचं पाणी. फडक्याची एक बाजू एकदाच.
पोपडे पिशवीत, पिशवीचं तोंड आतच बांधलेलं.
फुगलेला गिलावा हाताने निघाला,
आत चिरा, तांबडा,
विहिरीतल्या दगडासारखा गार.
"पाणी खयसून येता ता बघ आधी,"
म्हणत मामा शिडीवर.
खिडकीवरच्या छज्जाचा उतार
घराकडे होता.
बांधल्या दिवसापासून.

छज्जा नीट झाला. चिरा उघडा ठेवला.
सिस्टर जुवाटकर रोज दारात:
"रंग कधी? सोमवारी लसीकरण,
वरच्या वाडीतल्या हसीनाचे दिवस भरत आलेत."
मामाने तळहाताएवढं प्लास्टिक कापलं,
उघड्या भिंतीवर चारी कडांनी चिकटवलं,
आणि विडी पेटवायला बाहेर गेला.

सकाळी बघितलं.
प्लास्टिकच्या आतून
बारीक बारीक थेंब.

"आज नाय," मामा म्हणाला.
सिस्टरनी रजिस्टर उघडलं,
सोमवार खोडला.